तीन पायांची घोडी

वजनाला अक्कल नसते, अक्कल दोराला असते, असं मास्तर शनिवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाले आणि त्यांच्या बायकोने हातातला कप खाली ठेवला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मास्तरांच्या तोंडून असं काही सुभाषित निघालं की घरातली एखादी चालती वस्तू उघडली जाते आणि मग ती मिटता मिटत नाही, हे तिला अनुभवाने पाठ झालं होतं. मिक्सर असाच गेला होता. भिंतीवरचं घड्याळ तर दुरुस्त झाल्यापासून उलटं चालायचं.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. बायको शाळेची मुलं ने-आण करणारी व्हॅन चालवायची. चौदा मुलं तिला व्हॅनकाकू म्हणायची. त्यांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणू लागले, मग दूधवाला, आणि आता खुद्द मास्तरही वैतागले की बायकोला "अहो व्हॅनकाकू" म्हणत. तर ही व्हॅन गेले आठ दिवस इंजिनाच्या मागून तेल गाळत होती. जिथे उभी राहील तिथे काळं डबकं. सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती. सोमवारी व्हॅन दारात गेली नाही तर पोरं पलीकडच्या गल्लीतल्या पिवळ्या व्हॅनमध्ये जाऊन बसणार, आणि एकदा दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये बसलेलं पोर परत उठत नाही, हा त्या धंद्यातला अनुभव होता.

गॅरेजवाले उस्ताद शुक्रवारीच येऊन, व्हॅनखाली आडवे होऊन बघून गेले होते. मागचं ऑईल सील गेलंय, म्हणाले. सील बदलायला अर्धा तास पुरे, पण त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागेल. आणि इंजिन उचलायची साखळीची कप्पी दुरुस्तीला गेली आहे, ती मंगळवारी येईल.

व्हॅनकाकूचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा बघूनच मास्तरांनी उस्तादांना सांगून टाकलं होतं की इंजिन मी काढून ठेवतो, तुम्ही रविवारी चार वाजता फक्त सील घेऊन या. उस्तादांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग बराच वेळ व्हॅनकाकूकडे. इंजिन एकशेवीस किलोचं आहे, असं ते हळूच म्हणाले. भूमितीला किलोचं भय नसतं, असं मास्तरांनी उत्तर दिलं.

आणि खरं सांगायचं तर मास्तरांनी काम मन लावून केलं. मैदानातल्या मोडक्या झोक्याचे तीन लोखंडी पाइप मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणले. त्यांची डोकी जाड बोल्टने एकत्र बांधून अंगणात तीन पायांची घोडी उभी केली. भंगारवाल्याकडून गोदामात वापरतात तसल्या दोन दणकट कप्प्या आणल्या. प्रत्येकीत दोन चाकं. दोर चार पदरी झाला, म्हणजे एकशेवीस किलोला तीस किलोचा जोर पुरे. हे गणित त्यांनी अंगणाच्या भिंतीवर खडूने लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग व्हॅनचं पुढचं झाकण काढून ठेवलं, नळ्या आणि तारा सोडवल्या, आणि निघालेला एकेक बोल्ट ताडपत्रीवर मांडून प्रत्येकाशेजारी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली. 'डावा वरचा.' 'उजवा मधला.' 'इंजिनाचा पाया १, २, ३, ४.' एखाद्या प्रदर्शनात नाण्यांची मांडणी असते तशी.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण व्हॅनकाकूने घाबरून आपल्या वडिलांना फोन केला.

सासरेबुवांनी एका कारखान्याच्या सुरक्षा खात्यात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना शाल दिली, आणि त्यांनी आपणहून पिवळं हेल्मेट आणि शिट्टी ठेवून घेतली. शनिवारी संध्याकाळी ते आले तेव्हा हेल्मेट डोक्यावर आणि शिट्टी गळ्यात होती. पिशवीत चार दिवसांचे कपडे होते.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण सासऱ्याने जावयाचा मान ठेवायचा आणि जावयाने सासऱ्याचा, म्हणून एकमेकांना मूर्ख म्हणायची दोघांनाही सोय नव्हती. सासरेबुवा घोडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून म्हणाले की जावईबापूंनी काम फार सुरेख केलंय, फक्त पाय फाकू नयेत म्हणून साखळीने एकमेकांना बांधून घेतले तर बरं. मास्तरांनी बांधले. मग म्हणाले, अंगण मातीचं आहे, पायांखाली फळ्या हव्यात. दोन फळ्या माळ्यावर सापडल्या. तिसरी मिळेना, तेव्हा स्वयंपाकघरातली भाजी चिरायची फळी तिसऱ्या पायाखाली गेली. मग दोराचं मोकळं टोक नुसतं हातात धरायचं नाही, फाटकाच्या खांबाला एक वेढा देऊनच ओढायचं, असं ठरलं. मास्तर प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे, बाबा" म्हणत होते आणि म्हणताना त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती.

"आता चाचणी," सासरेबुवा म्हणाले.

"कसली?"

"जेवढं उचलायचं त्याच्या दीडपट वजन आधी टांगून बघायचं. टिकलं, तर इंजिनाला हात."

एकशेवीसची दीडपट एकशेऐंशी. घरात एकशेऐंशी किलोचं होतं काय? पुस्तकं पोत्यात भरायची का, यावर चर्चा झाली. शेवटी परसातलं मोठं लोखंडी पिंप निघालं. पिंपाचं स्वतःचं वजन अठरा किलो, तेव्हा पाणी एकशेबासष्ट लिटर, असा हिशोब मास्तरांनीच केला आणि गणित आवडल्यामुळे क्षणभर त्यांचा राग गेला. मग रविवारी सकाळी अंगणाच्या टोकाच्या नळावरून अकरा बादल्या पाणी त्यांनीच वाहिलं तेव्हा तो परत आला.

दोर ओढायला दोघं हवेत म्हणून शेजारचे शिंपीकाका बोलावले. मोठे सज्जन माणूस. बोलावलं म्हणून गळ्यातली मोजपट्टीही न काढता आले. दोघांनी दोर ओढला आणि पिंप अलगद वर गेलं. घोडी कुरकुरलीसुद्धा नाही. मास्तरांनी भिंतीवरच्या गणिताकडे अभिमानाने पाहिलं. दोर खांबाला बांधला, सासरेबुवांनी घड्याळ लावलं, आणि पिंप दहा मिनिटं अंगणाच्या मधोमध टांगून सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. येणारेजाणारे फाटकापाशी थांबून, काय आहे म्हणून विचारत होते. पाणी आहे, असं शिंपीकाका सांगत होते.

अकराव्या मिनिटाला पिंप खाली घ्यायचं होतं. ते येईना.

वरच्या कप्पीत दोर चाकावरून घसरला होता आणि चाक आणि पत्रा यांच्या फटीत पाचर मारल्यासारखा बसला होता. ढिला सोडला तरी पिंप जागचं हलेना. मास्तर शिडी आणायला निघाले तर शिट्टी वाजली. टांगलेल्या वजनाच्या आसपास कोणी जायचं नाही. मग ते खाली कसं घ्यायचं, असं मास्तरांनी शक्य तितक्या आदराने विचारलं. सासरेबुवांनी विचार करून सांगितलं की वजनच कमी करायचं. पाणी काढा.

लांब रबरी नळीचं एक टोक काठीला बांधून दुरून पिंपात सोडलं. दुसरं टोक मास्तरांनी तोंडात धरून ओढलं. पाणी आलं. पिंपात पूर्वी कपडे धुवायचा साबण ठेवत असत हे व्हॅनकाकूला तेव्हा आठवलं. मास्तरांनी नळी फेकून दिली आणि नळावर जाऊन सात-आठ चुळा भरल्या. एकेका चुळीबरोबर फेस येत होता. त्या वेळात फेकलेली नळी मोकळेपणी वाहत राहिली, आणि मास्तर तोंड पुसत वळले तेव्हा ताडपत्रीवरून 'उजवा मधला' होडीसारखा चालला होता.

सगळ्या चिठ्ठ्या गेल्या. बोल्ट एका कोपऱ्यात घसरून एकमेकांत मिसळले. अंगणाचा अर्धा भाग चिखल झाला. मास्तर पायरीवर जाऊन बसले आणि हनुवटीला हात लावून आकाशाकडे बघू लागले. सासरेबुवा शेजारी येऊन बसले आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले की चाचणी मात्र यशस्वी झाली.

भीक नको पण कुत्रा आवर, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते साबणाच्या चवीबरोबर त्यांनी गिळलं.

पिंप रिकामं झालं, दोर सुटला, कप्पी पुसून सारखी केली. तोवर दीड वाजला होता. व्हॅनकाकूने चिखलातून बोल्ट वेचून धुतले आणि त्यांच्या जाडीप्रमाणे वेगळे केले. ही व्हॅन ती नऊ वर्षं चालवत होती, कुठला बोल्ट कुठला हे तिला चिठ्ठीशिवायही कळत होतं. इंजिन ज्यांच्यावर बसतं ते चार जाड बोल्ट असतात. तिला तीनच मिळाले. तिने ताडपत्रीच्या घड्या उलगडल्या, चिखल काठीने उकरला. चौथा नव्हता.

हे सांगायला ती वळली तर व्हॅन घोडीखाली ढकलून इंजिनाला साखळी अडकवून झाली होती आणि सासरेबुवांनी नवा नियम जाहीर केला होता. वजन वर असताना कोणी तोंडाने बोलायचं नाही. चार जण चार गोष्टी ओरडतात आणि अपघात होतो. फक्त हाताच्या खुणा. त्या खुणा जगभर एकच आहेत, असं ते म्हणाले. त्यामुळे त्या शिकवायची त्यांना गरज वाटली नाही.

त्यांनी अंगठा वर केला.

कारखान्यात याचा अर्थ 'उचला'. मास्तरांना वाटलं, सासरे खूश झाले. इतक्या तासांत पहिल्यांदाच. त्यांनीही हसून अंगठा वर केला. शिंपीकाकांनीही केला. सासरेबुवांनी अंगठा आणखी जोराने वर केला. या दोघांनीही. असं बराच वेळ एकमेकांचं कौतुक चाललं, शेवटी सासरेबुवांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी शिट्टी फुंकली. त्या दचक्याने दोघांनी दोर ओढला.

दोर ताणला गेला. घोडी कुरकुरली. व्हॅनकाकू इंजिनाकडे बघत होती. इंजिन हललं, पण त्याच्याबरोबर व्हॅनचं नाकही किंचित वर आलं. तिने चटकन एक बोट वर केलं. एक बोल्ट राहिलाय, असं तिला म्हणायचं होतं. मास्तरांना वाटलं, अजून एक हिसका. त्यांनी शिंपीकाकांकडे बघून मान हलवली आणि दिला.

तिकडे सासरेबुवांना काहीतरी वेगळंच दिसलं होतं. भाजीच्या फळीवरचा पाय ओल्या मातीत बोटभर रुतला होता. त्यांनी ताबडतोब मूठ आवळून वर धरली. मूठ म्हणजे 'थांबा'. कारखान्यात ती मूठ पाहून क्रेन जागच्या जागी थिजत असे. मास्तरांनी ती आवळलेली मूठ आणि सासऱ्यांचे वटारलेले डोळे पाहिले आणि त्यांना वाटलं, म्हातारा म्हणतोय, दम लावा.

त्यांनी दम लावला. असा लावला की चपला मातीत रुतल्या. व्हॅनची पुढची दोन्ही चाकं वीतभर वर आली. आपण दोन माणसं अख्खी गाडी उचलतोय हे मास्तरांना दिसलं, आणि पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती भीती नव्हती, चार पदरी दोराविषयीचा आदर होता.

"अहो," व्हॅनकाकू शांतपणे म्हणाली, कारण आता नियमाला काही अर्थ उरला नव्हता. "चौथा बोल्ट तसाच आहे. तुम्ही व्हॅन उचललीय."

मास्तरांना लख्ख आठवलं. चौथा बोल्ट गंजलेला होता, शनिवारी फिरेना, म्हणून त्यावर तेल सोडून नंतर काढू म्हणाले होते. पण चिठ्ठी मात्र आधीच लिहून ठेवली होती. चिठ्ठी लिहिली की काम झालं, असा त्यांचा स्वभाव होता.

एवढ्यात भाजीची फळी मोडली. तो पाय हातभर खाली गेला आणि घोडी त्या बाजूला कलली. शिंपीकाकांनी आयुष्यात सुईपेक्षा जड काही धरलं नव्हतं. त्यांनी दोर सोडला आणि ते दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. अर्ध्या व्हॅनचा भार एकट्या मास्तरांच्या हातात आला. दोर तळव्यांतून सळसळत निघाला, आणि निघाला तसा थांबला. खांबाभोवतीचा तो एक वेढा करकचून आवळला होता.

सासरेबुवा त्या वयात धावले. शिट्टी नाही, खूण नाही. मास्तरांच्या मागून त्यांनी दोर धरला आणि कानाशी म्हणाले, "हळू. मी आहे. एकेक वीत सोडा."

दोघांनी मिळून एकेक वीत दोर सोडला. चाकं जमिनीला टेकली. व्हॅन मोठा सुस्कारा सोडून खाली बसली आणि मग घोडीही थकल्यासारखी आपल्या साखळीवर रेलून उभी राहिली. सासरेबुवांनी मास्तरांचे हात उलटे करून पाहिले, तळव्यांना नुसती लाली आली होती. त्यांनी त्यावर फुंकर घातली. त्यांना बहुतेक ते कळलंही नसावं. सकाळपासून सासऱ्यांना सुनवायचं म्हणून मास्तरांनी मनात जे जे साठवलं होतं, ते त्या फुंकरीबरोबर उडून गेलं.

मग व्हॅनकाकू पुढे झाली. वडिलांना तिने पायरीवर बसवलं, नवऱ्याला दोरावर उभं केलं, शिंपीकाकांना मोठी पक्की फळी शोधायला पिटाळलं. ते दुकानातली कापड बेतायची फळी घेऊन आले. घोडी कोरड्या जागेवर हलली. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून तिने चौथा बोल्ट एका झटक्यात सोडवला. तेलाने आपलं काम केलं होतं, हे मास्तरांनी निदर्शनास आणून दिलं. तिने नुसतं पाहिलं, तेव्हा ते दोराकडे वळले.

"मी ओढा म्हणाले की ओढायचं, पुरे म्हणाले की पुरे. कोणी हात वर करायचे नाहीत."

आणि इंजिन उचललं गेलं. तूप काढावं तितक्या सहज. व्हॅन मागे ढकलली, इंजिन दोन जुन्या टायरांवर उतरवलं. चारला उस्ताद आले. चिखल, पिंप, हेल्मेट, मोडकी फळी, मोजपट्टीवाले शिंपीकाका असं सगळं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं आणि काहीही विचारलं नाही. अनुभवी माणूस. पंचवीस मिनिटांत सील बसवलं, हात पुसले आणि म्हणाले, "झालं. आता ठेवा परत आत."

बाहेर काढायचं तर आतही ठेवायचं असतं, हा विचार त्या दोन दिवसांत घरातल्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी शिट्टीकडे पाहिलं. मग दोघांनीही व्हॅनकाकूकडे पाहिलं, आणि ती पदर खोचून उठली. साडेसहाला व्हॅन सुरू झाली. खाली पांढरा कागद घालून ठेवला होता, त्यावर तेलाचा ठिपका पडला नाही. उस्ताद जाताना मास्तरांना म्हणाले की घोडी मजबूत आहे. मास्तर तेवढ्यावर रात्रभर छान झोपले.

सोमवारी व्हॅन वेळेवर निघाली आणि चौदाही मुलं तिच्यात बसली. मास्तरही छाती काढून शाळेत गेले. मित्रांना सांगायला किती होतं! एकशेवीस किलो दोनदा वरखाली केलं, अकरा बादल्या पाणी वाहिलं, गाडीचं नाक हवेत तोललं, आणि घरातल्या एकाही माणसाला साधं खरचटलं नाही. आठवीच्या वर्गावर ते त्रिकोणाचा एक सिद्धांत मांडत होते. खडू हातातून निसटला. ते उचलायला वाकले, कमरेत काडकन आवाज झाला, आणि ते तिथेच राहिले.

वर्गाला वाटलं, सर काटकोन दाखवताहेत. दोघा-तिघांनी तो वहीत काढूनही घेतला.

दुपारी त्यांना व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवं घालून घरी आणलं. चौदा मुलं दाटीवाटीने पुढे बसली होती आणि मागे वळून वळून बघत होती. सासरेबुवा दारातच उभे होते. त्यांनी धावत येऊन जावयाला धरलं, कुठे दुखतंय ते विचारलं, आणि मग न राहवून विचारलंच:

"काय उचलत होता?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"खडू," ते म्हणाले. "अर्धा."